सी हॅरियर (भारतीय नौदल)

सी हॅरियर : आखूड अंतर धावून हवेत झेपावणारे आणि सरळ खाली उतरणारे ब्रिटिश बनावटीचे एकआसनी लढाऊ विमान. भारतीय नौदलात ते १९८३ पासून २०१६ पर्यंत होते. गोव्यातील दाबोळीचा आयएनएस हंसा हा त्याचा किनाऱ्यावरचा तळ होता.

विक्रांत या विमानवाहू नौकेवरील सी हॉक विमाने जुनी झाल्यावर १९७९ मध्ये ६ एकआसनी (एफआरएस ५१) आणि २ दोन आसनी प्रशिक्षण विमानांची (टी ६०) मागणी नोंदवण्यात आली. पहिली तीन विमाने १६ डिसेंबर १९८३ रोजी दाबोळीला उतरली आणि आयएनएएस ३०० ‘व्हाइट टायगर्स’ या स्क्वाड्रनकडे गेली. पुढच्या मागण्या धरून एकआसनी विमानांची संख्या २३ झाली. १९८७ मध्ये विराट ही दुसरी विमानवाहू नौका ताफ्यात आल्यावर सी हॅरियरचा मुख्य मुक्काम तिच्यावर हलला.

विमानाच्या पोटात एकच पेगासस इंजिन असते. त्याचा रेटा सुमारे ९५ किलोन्यूटन. तो चार नोझलांतून बाहेर पडतो : पुढच्या दोहोंतून पंख्याची थंड हवा, मागच्या दोहोंतून टर्बाइनचा तप्त वायू. थ्रॉटलशेजारच्या एका दांड्याने चारही नोझल एकदम फिरतात. मागे रोखलेल्या स्थितीपासून सरळ खाली आणि त्याहून किंचित पुढे, एकूण सुमारे ९८ अंश. विमान तरंगत असताना पंखांवर वारा नसतो, त्यामुळे नेहमीची सुकाणूपाती निकामी ठरतात. म्हणून कॉम्प्रेसरमधून काढलेली दाबाची हवा नाक, शेपूट आणि पंखांच्या टोकांवरील छिद्रांतून सोडून तोल सांभाळावा लागतो.

हे विमान जागच्या जागी वर उठते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तसे ते उठू शकते, पण इंधन आणि शस्त्रांचा पूर्ण भार घेऊन नव्हे. प्रत्यक्षात नौकेच्या पुढच्या टोकाला असलेल्या चढावावरून (विराटवर १२ अंश) धावत उड्डाण घेतले जाई. धावताना नोझल मागे रोखलेले असतात. चढावाच्या कडेशी वैमानिक ते ठरलेल्या कोनात खाली वळवतो आणि वेग वाढत जाईल तसे हळूहळू पुन्हा मागे नेतो.

उतरताना मात्र पूर्ण वजन इंजिनाच्या रेट्यावरच तोलायचे असते, आणि खरी अडचण इथेच येते. हवा तापली की विरळ होते आणि रेटा घटतो. ब्रिटनच्या थंडीत सहज पेलणारे वजन एप्रिल-मेच्या गोव्यात पेलेलच असे नाही. त्यासाठी विमानात सुमारे २२७ लिटर शुद्ध पाण्याची टाकी असते. हे पाणी इंजिनात फवारले की टर्बाइनचे तापमान आटोक्यात राहते आणि जादा रेटा घेता येतो, पण टाकी जेमतेम दीड मिनिट पुरते. तेवढ्यात नौकेच्या डाव्या बाजूला येऊन स्थिरावायचे, आडवे सरकत डेकवर यायचे आणि उतरायचे. वजन मर्यादेबाहेर असेल तर इंधन किंवा न वापरलेली शस्त्रे समुद्रात टाकण्यावाचून गत्यंतर नसते. डेकवर आपटून उसळलेला तप्त वायू इंजिनाच्या हवाद्वारांत शिरला तरी रेटा एकाएकी पडतो, म्हणून शेवटचे काही मीटर रेंगाळत उतरणे धोक्याचे.

दुसरा धोका आडव्या वाऱ्याचा. कमी वेगात नाक वाऱ्याच्या एका बाजूला वळले की प्रचंड हवा ओढणारी पुढची हवाद्वारे ते आणखी वळवतात. मागे झुकलेल्या पंखांपैकी एकावर उचल वाढते आणि विमान इतक्या झपाट्याने कलंडते की टोकांच्या हवेने ते सावरत नाही. यावर उपाय म्हणून काचेसमोर, वैमानिकाच्या थेट नजरेत, एक छोटे वातकुक्कुट (वाऱ्याची दिशा दाखवणारे पाते) बसवलेले असते. ते मधोमध ठेवले की निम्मे काम झाले. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयातील विमानावर ते जरूर पाहावे; बहुतेक जण नोझल पाहून पुढे जातात.

देखभालही सोपी नव्हती. इंजिन बदलायचे तर आधी अखंड पंख क्रेनने उचलून बाजूला ठेवायचा, मग इंजिन वरून काढायचे. खाऱ्या हवेत मॅग्नेशियमचे भाग लवकर खातात, म्हणून जमिनीवरून उडणाऱ्या मूळ हॅरियरमधील असे बहुतेक भाग सी हॅरियरमध्ये बदललेले होते.

मूळचे ब्लू फॉक्स रडार आणि जवळच्या पल्ल्याची मॅजिक क्षेपणास्त्रे कालबाह्य झाल्यावर काही विमानांवर इस्राएली ईएल/एम-२०३२ रडार आणि दृष्टीपलीकडे मारा करणारे डर्बी क्षेपणास्त्र बसवण्यात आले. संरक्षणक्षमता त्याने बरीच वाढली, पण विमानेच उरत नव्हती : निम्म्याहून अधिक अपघातांत गेली होती, आणि २००६ मध्ये ब्रिटिश नौदलाने आपली सी हॅरियर निवृत्त केल्यावर सुटे भाग मिळणे अवघड झाले.

११ मे २०१६ रोजी हंसावर निरोप समारंभ होऊन आयएनएएस ३०० कडे मिग-२९के आली. हे विमान उभे उतरत नाही, डेकवरची तार आकड्याने पकडून थांबते. त्यामुळे चढाव आणि तारा दोन्ही असलेली किनाऱ्यावरची चाचणी सुविधा हंसावर आधीच उभारण्यात आली होती. तेजसच्या नौदल आवृत्तीने तिथल्या चढावावरून डिसेंबर २०१४ मध्ये पहिले उड्डाण केले आणि १३ सप्टेंबर २०१९ रोजी तार पकडून ती तिथेच उतरली.