धर्मसत्ताक राज्य

ज्या राज्यात ईश्वरी आज्ञा किंवा धर्मग्रंथ हाच कायद्याचा मूळ आधार मानतात आणि त्याचा अर्थ सांगण्याचा शेवटचा अधिकार धर्मगुरूंकडे असतो, ते धर्मसत्ताक राज्य. राज्याला अधिकृत धर्म आहे किंवा राजा देवभक्त आहे, एवढ्याने ते धर्मसत्ताक ठरत नाही. इंग्लंडचा राजा तिथल्या चर्चचा प्रमुख असतो, पण कायदे संसद करते. इराणमध्ये १९७९ च्या क्रांतीनंतरही निवडून आलेली संसद आहे. मात्र तिने केलेला कायदा १२ जणांच्या पालक मंडळाने धर्माशी ताडून पाहिल्याशिवाय अमलात येत नाही. व्हॅटिकनमध्ये तर पोपच राज्यप्रमुख.

महाराष्ट्रात धर्मगुरू गादीवर बसले नाहीत. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत धर्माचे खाते पंडितरावांकडे होते, पण तेही छत्रपतींच्या हुकमतीखाली. खरी धर्मसत्ता गादीबाहेर होती आणि ती फार जाचक होती. वाई-कऱ्हाडच्या शास्त्रीमंडळींचा शब्द कृष्णाकाठी प्रमाण मानला जाई. एखाद्यावर ग्रामण्य (धर्म मोडल्याच्या आरोपावरून घातलेला बहिष्कार) आले की पंक्तीला बंदी, भटजी दारात येईना, लेकीची सोयरीक मोडे. प्रायश्चित्त घेऊन शुद्धिपत्र मिळेपर्यंत सुटका नसे. फौजफाटा नसतानाही माणसाला वाकवणारी ही सत्ता होती, म्हणून या विषयात ती वगळता येत नाही.

राजाही तिच्यातून सुटला नाही. १८१८ मध्ये इंग्रजांनी साताऱ्याच्या गादीवर पुन्हा बसवलेल्या प्रतापसिंह महाराजांना भोसल्यांचे क्षत्रियत्व आणि वेदोक्ताचा, म्हणजे वेदमंत्रांनी संस्कार करून घेण्याचा, हक्क पंडितांपुढे वाद घालून सिद्ध करावा लागला. कायस्थ प्रभू जातीच्या वेदोक्तालाही कडवा विरोध झाला. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन त्या विरोधात पुढे होते. राज्य महाराजांचे, पण संस्कार कोणत्या मंत्रांनी व्हायचे हे ठरवू पाहणारे दुसरेच!

या सत्तेला पहिला मोठा धक्का खेड्यांनी दिला. सत्यशोधक समाजाच्या (स्थापना १८७३) प्रेरणेने सातारा जिल्ह्यात भटजीविना लग्ने लागू लागली. पुढे वाईच्याच प्राज्ञपाठशाळेतून घडलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी अस्पृश्यतेविरुद्ध शास्त्राचाच आधार उभा केला. जातपंचायतींचा बहिष्कार मात्र टिकून राहिला. त्याला शिक्षेस पात्र गुन्हा ठरवणारा महाराष्ट्राचा कायदा २०१६ चा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.