अभिक्रियेचा दर आणि रासायनिक समतोल

रासायनिक अभिक्रिया किती वेगाने घडते ते तिच्या दरावरून कळते. ती कुठवर जाऊन थांबल्यासारखी दिसते ते समतोलावरून. शाळेत या दोन गोष्टी पाठोपाठ शिकवल्या जातात आणि हमखास एकमेकींत मिसळतात. वेग वाढला म्हणजे उत्पादितही जास्त मिळेल, हा समज मुळातूनच काढायला हवा.

कोकणात खाडीकाठचे शिंपले कोळशाबरोबर भट्टीत भाजून चुना करीत. शिंपला म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. तो तापला की कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. १०० ग्रॅम शुद्ध कार्बोनेटपासून ५६ ग्रॅम चुना मिळतो. आच वाढवली किंवा शिंपले फोडून घातले की दर वाढतो. हीच अभिक्रिया बंद भांड्यात केली, तर साठलेला वायू पुन्हा चुन्याशी संयोग पावू लागतो. दोन्ही दिशांचे दर सारखे झाले की समतोल येतो. तेव्हा दोन्ही अभिक्रिया चालूच असतात, फक्त प्रमाण बदलत नाही. सुमारे ९०० अंश सेल्सिअसला या वायूचा समतोल दाब एक वातावरण, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाइतका होतो. भांड्यात आणखी शिंपले घातले तरी तो तेवढाच राहतो. उघड्या भट्टीतून वायू निघून जातो, म्हणून तिथे समतोल येत नाही आणि शिंपला पुरता भाजला जातो.

जांभ्याच्या भिंतीतला भिजवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा कार्बोनेट होतो. नेहमीच्या तापमानाला समतोल जवळजवळ पूर्णपणे कार्बोनेटच्या बाजूला असतो, तरीही जाड भिंतीच्या आतपर्यंत हा बदल पोचायला वर्षे लागतात, कारण वायू आत झिरपतो फार सावकाश.

गुल्डबर्ग आणि वोगे यांनी १८६४ मध्ये वस्तुमान-क्रियेचा नियम मांडला, म्हणजे अभिक्रियेचा दर तिच्यात भाग घेणाऱ्या पदार्थांच्या प्रमाणावर अवलंबून असतो. समतोलावर ताण आला, म्हणजे तापमान, दाब किंवा पदार्थांचे प्रमाण बदलले, की तो ताण कमी होईल अशा दिशेने सरकतो, हे ले शातेलिए यांचे तत्त्व १८८४ चे.

दर आणि समतोल यांची खरी ओढाताण अलिबागजवळच्या थळ खत कारखान्यात बनणाऱ्या अमोनियात दिसते. नायट्रोजन-हायड्रोजनच्या संयोगात उष्णता बाहेर पडते, म्हणून कमी तापमानाला समतोलात अमोनिया जास्त असतो. पण तेव्हा दर अगदीच मंद पडतो. म्हणून हेबर पद्धतीत साधारण ४०० ते ५०० अंश तापमान, मोठा दाब आणि लोहाचा उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न खपता दर वाढवणारा पदार्थ, वापरतात. उत्प्रेरक समतोलाकडे लवकर नेतो, समतोलाची जागा मात्र बदलत नाही. एका फेरीत थोडाच अमोनिया बनतो. तो थंड करून द्रवरूपात काढून घेतात आणि उरलेले वायू पुन्हा आत सोडतात.