स्टॅबिलायझर व्होल्टेज वाढवतो, वीज नाही

‘डीपीवरून (गावातल्या वीज ट्रान्सफॉर्मरवरून) व्होल्टेज कमी येतं? थ्री फेज स्टॅबिलायझर लावा, वीज वाढेल आणि बिल घटेल.’ हा मेसेज शेतकऱ्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षे फिरतोय. मोटर नीट चालते हे डोळ्यांनी दिसतं, म्हणून तो पटतोही. पण त्यातलं अर्धंच खरं आहे.

स्टॅबिलायझरच्या आत ऑटोट्रान्सफॉर्मर असतो. तो व्होल्टेज वाढवतो, पण त्याच प्रमाणात लाइनमधून जास्त करंट ओढतो. लाइनला ३३० व्होल्ट आहेत, मोटरला ४१५ दिले आणि मोटर १० अँपिअर घेतेय असं धरा. ४१५ गुणिले १०, भागिले ३३०: लाइनमधून साधारण १२.६ अँपिअर जातात. स्टॅबिलायझरमधला हा ट्रान्सफॉर्मर गरम होण्यात जाते ती वीज वेगळीच, आणि तीही मीटरवर पडते.

खात्री करायची तर वायरमनकडून मोटर चालू असताना टाँग टेस्टर (वायरभोवती पकडून करंट मोजायचं यंत्र) लावून घ्या. एकाच फेजची वायर, आधी इनपुटला, मग आउटपुटला. इनपुटचा आकडा मोठा दिसेल.

कमी व्होल्टेजमुळे मोटर तापून जळण्याचा धोका मात्र स्टॅबिलायझर खरोखर कमी करतो, त्यासाठी तो जरूर घ्यावा. लाइनवरचा करंट कमी करायचा असेल तर मोटरला योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवा; मोटरच्या चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारा करंट तो जागेवरच पुरवतो. तो स्वस्तही पडतो.