पदवी शिक्षण : अध्यापन व मूल्यमापन

विद्यापीठातील पहिल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना विषय शिकवण्याची आणि तो त्यांना किती आला हे ठरवण्याची पद्धत. अभ्यासक्रमाचे माप श्रेयांकांत असते. युरोपीय पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम आणि पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक. त्यात वर्गातले तास थोडे, स्वतः वाचण्या-सोडवण्याचे जास्त. वेळापत्रकातल्या मोकळ्या जागा बघून अभ्यासाचा अंदाज बांधणारे पहिल्याच सत्रात फसतात.

व्याख्यान मोठ्या वर्गापुढे होते, त्यावरची उदाहरणे लहान शिकवणी गटात सुटतात, प्रात्यक्षिकाला दोघातिघांची तुकडी असते. मोठ्या वर्गालाही विचार करायला लावता येते. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मझूर यांनी १९९१ पासून वापरलेल्या पद्धतीत शिक्षक मध्येच संकल्पनेवरचा बहुपर्यायी प्रश्न टाकतो आणि प्रत्येक जण न बोलता उत्तर नोंदवतो. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर आली, तर शेजाऱ्याशी चर्चा करून पुन्हा उत्तर द्यायचे. त्याहून कमी आली, तर चर्चेतून चूकच पसरते. मुद्दा पुन्हा शिकवावा लागतो. उत्तर नोंदवण्याआधीच कुजबुज सुरू झाली, की हुशार शेजाऱ्याचे उत्तर सगळ्या बाकाचे होते.

मूल्यमापन सत्रभर चालते आणि सत्राअखेरही होते. सत्रातल्या चाचणीचा उपयोग तपासलेला पेपर पुढच्या चाचणीआधी हाती पडला तरच. नाहीतर ती निव्वळ गुणांची बेरीज.

दीर्घोत्तरी प्रश्नांत खरी अडचण परीक्षकाची. अमेरिकेत १९१३ साली स्टार्च आणि एलियट या संशोधकांनी शाळेतल्या भूमितीची एकच उत्तरपत्रिका अनेक शिक्षकांकडून तपासून घेतली, तेव्हा शंभरपैकी गुण ३०च्या आतपासून ९०च्या वरपर्यंत पसरले. भूमितीत ही गत, तर निबंधाचे काय! म्हणून गुणांची विभागणी तपासणीआधी लिहून काढतात. १० गुणांच्या गणितात आकृतीला २, समीकरणांना ३, आकडेमोडीला ३, उत्तर व एककाला २. समीकरणात चिन्ह चुकले, तर तिथला १ गुण जातो. पुढची आकडेमोड त्या चुकीच्या समीकरणाला धरून बरोबर असेल, तर तिचे गुण मिळतात. एका चुकीची शिक्षा एकदाच. गठ्ठा प्रश्नवार तपासावा, म्हणजे आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग दुसरा. पहिल्या उत्तराची छाप दुसऱ्यावर पडत नाही आणि हातही स्थिर राहतो.

बहुपर्यायी प्रश्नांत हा वाद नसतो, पण प्रश्नच सदोष असू शकतो. निकालानंतर एकूण गुणांनुसार वरच्या व खालच्या गटांची तुलना करतात. वरच्या ५० जणांपैकी ४० आणि खालच्या ५० पैकी १५ जणांचे उत्तर बरोबर असेल, तर भेददर्शक अंक, म्हणजे प्रश्न या दोन गटांत किती फरक दाखवतो त्याचे माप, (४०−१५)÷५०, म्हणजे ०.५ येतो; प्रश्न चांगला. अंक उणे आला, तर आधी उत्तरसूची तपासावी. बहुधा तीच चुकलेली असते.

गटप्रकल्पात एकाने राबायचे आणि चौघांनी गुण घ्यायचे हे नेहमीचे. दहा मिनिटांच्या तोंडी परीक्षेत ते उघडे पडते, पण ‘प्रकल्पाविषयी सांगा’ असे विचारल्यास पाठ केलेले ऐकू येते. ‘ही पायरी का घेतली? हा आकडा दुप्पट केला तर काय बदलेल?’ असे विचारावे.