मोटरचा वेग ठरवतो कोण?

एसी पुरवठ्यावर चालणारी साधी इंडक्शन मोटर स्वभावाने हट्टी असते. 50 हर्ट्झ वारंवारतेच्या पुरवठ्याला जोडलेल्या चार ध्रुवांच्या मोटरमध्ये चुंबकीय क्षेत्र मिनिटाला 1500 फेरे घेते आणि रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, त्याच्या किंचित मागे राहून फिरत असतो. पंपातून पाणी कमी हवे असो वा जास्त, या वेगात फारसा फरक पडत नाही. त्यामुळे मोटर पूर्ण वेगाने चालवायची आणि पुढे झडप अर्धवट मिटून प्रवाह अडवायचा, अशी उधळी पद्धत कारखान्यांत दीर्घकाळ रूढ होती.

वेग हवा तसा बदलण्याची सोय तेव्हा नव्हती असे मात्र नाही. 1891 मध्ये हॅरी वॉर्ड लिओनार्ड यांनी सुचवलेल्या रचनेत एक मोटर जनित्र फिरवत असे आणि त्या जनित्राचे व्होल्टेज कमीजास्त करून दुसऱ्या, डीसी मोटरचा वेग सांभाळला जाई. नियंत्रण उत्तम होते, पण एका कामासाठी तीन यंत्रे लागत.

आजच्या ड्राइव्हमध्ये, म्हणजे मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणात, हे काम अर्धवाहक करतात. रेक्टिफायर आलेल्या विजेचे डीसीत रूपांतर करतो, कपॅसिटर तिच्यातले चढउतार कमी करतो आणि इन्व्हर्टरमधील ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होऊन तिचे कमीअधिक रुंदीचे स्पंद बनवतात. मोटरच्या वेटोळ्यांतील प्रेरकत्वामुळे, म्हणजे प्रवाहातील झटपट बदलाला विरोध करण्याच्या गुणामुळे, प्रत्यक्ष प्रवाह जवळजवळ गुळगुळीत लहरीसारखाच वाहतो, आणि त्या लहरीची वारंवारता आता आपल्या हाती असते. वारंवारता उतरवताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवावे लागते. नाहीतर लोखंडी गाभा चुंबकीयदृष्ट्या संपृक्त होऊन मोटर तापते. याहून काटेकोर अशा व्हेक्टर नियंत्रणात प्रवाहाचे दोन घटक, चुंबकीय क्षेत्र निर्माण करणारा आणि टॉर्क (फिरवणारा जोर) देणारा, वेगवेगळे हाताळले जातात. यंत्रमानवाच्या सांध्यांना आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांना हाच काटेकोरपणा लागतो.

तरीही ड्राइव्हचा खरा लाभ दिसतो तो पंप आणि पंख्यांसारख्या दुर्लक्षित यंत्रांत. तिथे लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणून वेग 80 टक्क्यांवर आणला की शक्तीची गरज सुमारे 51 टक्के उरते. पाणी उंच टाकीत चढवायचे असेल तर बचत यापेक्षा कमी होते. आणि सामान वाहणाऱ्या पट्ट्याला प्रत्येक वेगाला जवळजवळ सारखाच टॉर्क लागत असल्याने तिथे हा घनाचा नियम लागूच होत नाही.

वेग कमी करताना मोटर जनित्रासारखी वागते. विजेवर चालणाऱ्या गाडीत ती ऊर्जा बॅटरीत परत जाते, रेल्वे इंजिनातून ती वरच्या तारेत सोडता येते. साध्या ड्राइव्हचा रेक्टिफायर मात्र वीज एकाच दिशेने वाहू देतो, म्हणून तिथे ती रोधकात उष्णता होऊन वाया जाते.

या वेगवान चालू-बंदीची किंमतही मोजावी लागते. रोटरच्या दांड्यावर व्होल्टेज निर्माण होऊन बेअरिंगमधून बारीक ठिणग्या उडतात आणि पृष्ठभाग झिजतो. मोठ्या मोटरमध्ये त्यासाठी विद्युतरोधक बेअरिंग बसवतात.