चिंचेचा ओंडका आणि चेनसॉचा दम

वळवाच्या वाऱ्यानं बांधावरची जुनी चिंच आडवी झाली, की आधी टेप आणावा, मशीन नंतर. बुंध्याचा घेर सव्वासहा फूट भरला तर त्याला 3.14 नं भागायचं. व्यास निघतो साधारण दोन फूट, म्हणजे 60 सेंटिमीटर. चेनसॉ किती ताकदीचा हवा, याचं निम्मं उत्तर या आकड्यात असतं. उरलेलं निम्मं लाकडाच्या जातीत.

चेनवरचा प्रत्येक दात म्हणजे सुताराचा छोटा रंधाच. पुढचा उंचवटा किती खोल घुसायचं ते ठरवतो, मागचं पातं लाकूड तासून काढतं. तासलेली फट साधारण 9 मिलिमीटर रुंद होते. 60 सेंटिमीटरचा ओंडका एकदा आडवा कापला, की अडीच लिटर लाकूड भुसा होऊन बाहेर पडतं. 90 सेंटिमीटरच्या ओंडक्यात हेच माप पावणेसहा लिटरच्या आसपास जातं. व्यास दीडपट, काम सव्वादोनपट. बाभूळ, जांभूळ, ऐन यांसारखं जड लाकूड असेल तर त्याच मापाला ताकद आणखी जास्त लागते, आणि वर्षभर सुकलेल्या चिंचेचा काळपट गाभा तर हट्टीच. ओलं असतानाच कापून घेतलेलं केव्हाही बरं. सागाची गोष्ट वेगळी. तो या सगळ्यांपेक्षा हलका, पण त्याच्यात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच प्रकार. इंजिन दमत नाही, धार मात्र लवकर जाते.

दुकानात बहुतेक गिऱ्हाइकं बारची, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते त्या पट्टीची, लांबी विचारतात: “बावीस इंची आहे का?” लांब पट्टी लाकूड कापत नाही, तिच्यावरून पळणारी चेन कापते आणि ती पळवायला इंजिन लागतं. चेनचं माप पिचनं सांगतात, पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधल्या अंतराचं निम्मं. 3/8 इंच पिचच्या चेनवर दर 37 मिलिमीटरला एक दात असतो. 60 सेंटिमीटरच्या लाकडात पट्टी पूर्ण बुडाली, की एकाच वेळी सोळा दात तासत असतात. चेन फिरवणारं सात दाती चाक, म्हणजे स्प्रॉकेट, एका फेऱ्यात चेन साधारण 13 सेंटिमीटर ओढतं. मिनिटाला साडेनऊ हजार फेरे धरले तर चेनचा वेग सेकंदाला 20 मीटरच्या वर जातो. इंजिन लहान असेल तर हेच फेरे सहा हजारांवर येतात, क्लच घसरतो, त्याचा ड्रम तापून निळा पडतो. माणसाला वाटतं धार गेली, म्हणून तो आणखी दाबतो. तिथूनच बिघाड सुरू होतो.

म्हणून हिशोब ओंडक्यापासून उलटा करावा. दीड फुटापर्यंतच्या कठीण लाकडाला 50 ते 55 सीसी आणि 18 इंची बार पुरतो. दोन फुटांच्या चिंचेला 70 सीसीच्या आसपासचं, निदान साडेतीन किलोवॅटचं इंजिन आणि 20 ते 24 इंची बार हवा. तीन फुटांचे ओंडके रोजचेच असतील तर 90 सीसी. वर्षातून एखादाच आला तर 70 सीसीच्या मशीननं दोन्ही बाजूंनी कापावा. एवढ्यासाठी मोठं मशीन घेऊन खांद्याला शिक्षा कशाला?

डब्यावरच्या सीसीवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. माहितीपत्रकात बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) बघा. मिलिमीटरमध्ये बोअरचा वर्ग, गुणिले स्ट्रोक, गुणिले 0.785, भागिले 1000. बोअर 45 आणि स्ट्रोक 34 मिलिमीटर असेल तर 54 सीसी भरतात, डब्यावर 58 छापलेलं असलं तरी. 52 आणि 34 असेल तर 72. कोल्हापूर फाउंड्रीवाल्यांचं गाव आहे. उद्यमनगरात व्हर्नियर घेऊन फिरणाऱ्याला हे सांगायला नको.

चेन घेताना टोकदार कोपऱ्याचे दात की गोलसर, हे विचारा. टोकदार दात स्वच्छ लाकडात वेगानं कापतात. पण बांधावरच्या झाडाच्या सालीत माती असते, तिथे गोलसर कोपऱ्याची चेन जास्त वेळ टिकते. धारेसाठी 3/8 पिचला 5.2 किंवा 5.5 मिलिमीटरची गोल कानस, .325 इंच पिचला 4.8 ची, नेमकं माप चेनच्या डब्यावर असतं. कोन साधारण 30 अंश. कठीण लाकडाला 25 ठेवला तर धार टिकते. दातापुढचा उंचवटा पात्याच्या टोकापेक्षा 0.65 मिलिमीटर खाली असावा. जास्त घासला तर दात खोल घुसतो, मशीन झटके देतं आणि बारचं टोक कपाळाकडे उसळायची भीती वाढते.

धार कशी आहे, ते भुसाच सांगतो. आडवं कापताना जाडसर कपचे पडले तर ठीक. पिठासारखी पूड उडायला लागली, की थांबा आणि कानस काढा.

पेट्रोल 50 ला 1, म्हणजे 5 लिटरला 100 मिली चांगलं टू-स्ट्रोक ऑइल. कंपनीनं 25 ला 1 सांगितलं असेल तर 200. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण पातळ पडून इंजिन जास्त तापतं. शिवाय ते हवेतलं पाणी ओढतं. गगनबावड्याच्या पावसाळ्यात अर्धी टाकी महिनाभर ठेवली तर पाणी खाली बसतं आणि कार्ब्युरेटरचा पातळ पडदा कडक होतो. मशीनला किती इथेनॉल चालतं ते माहितीपत्रकात बघा, आणि ठेवण्याआधी टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

चेनचं ऑइल पेट्रोलच्या टाकीबरोबर एक टाकी संपायला हवं. न संपलं तर तेलाचं भोक भुशानं बुजलंय. ट्रॅक्टरचं काढलेलं काळं ऑइल ओतू नका. त्यातला लोखंडाचा कीस बारची खाच खातो.

चिंच, आंबा, फणस, जांभूळ, साग ही झाडं 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. परवानगी आधी, मशीन मग.

ओंडका दोन्ही टोकांना टेकला असेल तर वरची बाजू दाबाखाली असते. आधी वरून एक तृतीयांश कापा, मग खालून. एकच टोक टेकलं असेल तर उलट. क्रम चुकला की फट मिटते आणि बार आत अडकतो. म्हणून खिशात प्लॅस्टिकच्या दोन पाचरी ठेवाव्यात. लोखंडी पाचरीला चेन एकदा लागली, की त्या दिवसाची धार गेलीच.