मॉनिटरवरचा ठिपका आणि ‘क्लास टू’चं कवच

सतरा इंची एलसीडी मॉनिटर टेबलावर आले तेव्हा त्यांचं नेहमीचं रिझोल्यूशन १२८० बाय १०२४ होतं. म्हणजे साधारण १३ लाख पिक्सेल. प्रत्येकाचे लाल, हिरवा, निळा असे तीन भाग आणि प्रत्येक भागाला काचेवर चढवलेला स्वतःचा ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचा चिमुकला स्विच. एका पडद्यात ३९ लाखांवर ट्रान्झिस्टर! त्यातला एकही मेलेला नको म्हटलं, तर कारखान्यातला बराच माल भंगारात गेला असता.

एलसीडीतल्या ‘एलसी’चा, म्हणजे द्रवस्फटिकांचा (लिक्विड क्रिस्टल), शोध १८८८ चा, गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करताना लागलेला. रेणूंचा पीळ विजेने उलगडून प्रकाश अडवायची युक्ती मात्र १९७०च्या आसपासची. स्वस्त मॉनिटर पुढे याच पिळाच्या, म्हणजे टीएन, पॅनेलवर चालले. त्यात वीज नसली की मागच्या दिव्याचा प्रकाश आरपार येतो. त्यामुळे ट्रान्झिस्टर मेला की तिथे चमकता ठिपका उरतो आणि काळ्या पडद्यावर नजर नेमकी तिथेच जाते. आयपीएस या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलमध्ये उलटं घडतं, ठिपका काळा राहतो आणि सहसा खपून जातो.

असे किती ठिपके चालवून घ्यायचे, हे २००१ च्या ‘आयएसओ १३४०६-२’ या आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवलं. मुळात ते कामाच्या जागी डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून केलेलं. त्यात चार वर्ग होते. पहिल्यात एकही दोष नको. दुसऱ्यात दर १० लाख पिक्सेलमागे २ कायम पेटलेले, २ कायम विझलेले आणि ५ अर्धवट बिघडलेले चालतील. आपला माल कोणत्या वर्गातला, हे उत्पादकानेच जाहीर करायचं. साहजिकच बहुतेकांनी दुसरा वर्ग धरला आणि सोयीचं मानक वॉरंटी नाकारायच्या कामी आलं. ठिपका ऐन मधोमध असला तरी उत्तर एकच: ‘क्लास टूमध्ये बसतं.’

पेटलेला ठिपका जास्त खुपतो, हे मानक लिहिणाऱ्यांना ठाऊक नव्हतं असं म्हणता येत नाही. तिसऱ्या वर्गात त्यांनी पेटलेले ५ आणि विझलेले १५ असा फरक केलाच आहे. ज्या वर्गातला माल खरोखर विकला जाणार होता, तिथे मात्र दोन्ही सारखे.

पुढे काही कंपन्यांनी महागड्या मॉडेलांना ‘एकही पेटता ठिपका नाही’ अशी हमी दिली. २००८ मध्ये मानकही बदललं, पण वॉरंटीच्या कागदांवर जुनाच क्रमांक नंतर बरीच वर्षं छापला जात होता.